चारशे नंबरची पूड

“आई, हे परत घासायला लागणार,” सई म्हणाली आणि पाणी प्यायला आत निघून गेली. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. आमच्या फ्लॅटच्या पॅसेजमध्ये एका टोकाला दुर्बिणीच्या आरशाची सहा इंची गोल काच तपासायला उभी करून ठेवलेली, दुसऱ्या टोकाला बरोबर आठ फुटांवर स्टूल, स्टुलावर बारीकसा एलईडी आणि त्याला खेटून दाढीचं पातं. हवा हलू नये म्हणून घरातले सगळे पंखे बंद, खिडक्या लावलेल्या, आणि मी पात्यामागे डोळा लावून बसलेली. सईचं म्हणणं खरंच होतं. काचेच्या कडेला सावली नको तिथे वळत होती आणि मधल्या भागात ओल लागून पडलेला डाग धुरकट दिसत होता. तिने पाहिलं, मोबाइलवर फोटो काढला, निकाल सांगितला. दुखवण्याचा हेतू अजिबात नव्हता. तरी ते वाक्य पुढे कितीतरी दिवस, भाजी निवडताना, सिग्नलला थांबलेली असताना, मला टोचत राहिलं.

त्या काचेवर शेवटचा हात अण्णांचा फिरला होता.

अण्णा म्हणजे माझे वडील, एसटीच्या सातारा डेपोत मेकॅनिक. आकाशाचा त्यांना काही नाद नव्हता. नाद मला लागला, १९९५ च्या हिवाळ्यात, अकरावीत असताना. दिवाळीतच सूर्यग्रहण होऊन गेलं होतं. उत्तरेत ते खग्रास होतं, आमच्याकडे खंडग्रास, पण गावात चर्चा पुष्कळ झाली आणि त्या निमित्ताने आमच्या फिजिक्सच्या सरांनी कॉलेजच्या मैदानावर दुर्बीण लावली. रांगेत उभं राहून मी शनी पाहिला. पुस्तकातल्या चित्रात असते तशी रुंद कडी त्याला नव्हतीच. फिकट पिवळा गोल आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अगदी बारीक, सरळ रेघ. मी हिरमुसले. सरांनी सांगितलं की ही कडी आडवी पावणेतीन लाख किलोमीटर पसरलेली आहे, पण तिची जाडी बहुतेक ठिकाणी काही मीटरच आहे. साधारण पंधरा वर्षांतून एकदा आपण तिच्या पातळीत येतो आणि ती जवळजवळ नाहीशी होते. “तू नशीबवान आहेस, हे रोज दिसत नाही,” असं ते म्हणाले. घरी आल्यावर मी अण्णांना सांगितलं की मला दुर्बीण पाहिजे.

विकत घेण्याचा प्रश्नच नव्हता. सर म्हणाले, आरसा आपण घासायचा. मुंबईच्या दारूखान्यात मोडीत निघालेल्या जहाजांचं सामान मिळायचं, त्यात जाड काचाही असायच्या. मुंबईच्या गाडीवर जाणाऱ्या अण्णांच्या एका ड्रायव्हर मित्राने तिथून काच आणली. तिच्यातून सहा इंचांच्या दोन गोल चकत्या कापून घेतल्या. एक आरशासाठी, दुसरी त्याच्याखाली ठेवून घासण्यासाठी. परसात तेलाचा रिकामा पिंप वाळू भरून उभा केला आणि १९९६ च्या मे महिन्यात काम सुरू झालं.

ज्यांनी हे केलं नाही त्यांना सांगूनही पटत नाही की दुर्बिणीचा आरसा नुसत्या हातांनी होतो. खालच्या काचेवर कार्बोरंडमची पूड आणि थोडं पाणी टाकायचं, वर दुसरी काच ठेवायची आणि पुढे-मागे घासायची. थोड्या वेळाने वरची काच हातात किंचित फिरवायची आणि आपण पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं. घासणं, फिरवणं, सरकणं. वरची काच मध्ये खोल होत जाते, खालची कडेला झिजून फुगीर होते. साचा नाही, यंत्र नाही. दोन पृष्ठभाग सगळ्या दिशांनी एकमेकांवर घासत राहिले तर ते दोन्हीही गोलाचा तुकडा होतात, कारण कसेही फिरवले तरी सगळीकडे टेकतील असे तेवढेच. मला त्या वयात हे फार मोठं आश्वासन वाटलं होतं. आजही वाटतं.

पहिली पूड ऐंशी नंबरची, जाडी भरडी. तिचा आवाज इतका कर्कश की शेजारच्या काकू कानावर हात ठेवून आत जायच्या. घासता घासता दाणे फुटतात आणि आवाज पातळ होत जातो. तो विझत आला की पुसून नवी पूड घ्यायची. सरांनी घड्याळ लावू दिलं नाही, कानाने ओळखायला लावलं. मग आणखी आणखी बारीक, १२०, २२०, ४००, ६००. प्रत्येक वेळी पिंप, बादली, फडकी, नखं, सगळं धुवायचं, कारण आधीच्या पुडीचा एक दाणा मागे राहिला तरी पुढच्या सगळ्या मेहनतीवर ओरखडा येतो. अण्णांना हे शिस्तीचं काम बघून गोडी लागली. डेपोतून आले की चहा पिऊन ते थेट परसात यायचे. काचेतला खड्डा मोजायला त्यांनी स्वतःचं फिलर गेज आणलं. इंजिनाच्या टॅपेटमधली फट मोजायची ती पात्यांची जुडी. काचेवर सरळ पट्टी आडवी ठेवायची आणि मधोमध पट्टीखाली किती जाडीची पाती सरकतात ते बघायचं. आम्हाला चार फुटांवर प्रतिमा पडणारा आरसा हवा होता, त्याला सव्वा मिलिमीटरलाही थोडा कमीच खड्डा लागतो. एक मिलिमीटरचं पातं आणि त्याला जोडून वीस शतांशाचं, दोन्ही मिळून घट्ट सरकली तेव्हा अण्णांनी वहीत लिहिलं, ‘१.२०. पुरे.’ मग काच ओली करून आम्ही तिच्यावरून उन्हाचा कवडसा भिंतीवर पाडला. सूर्याचं सेंटिमीटरभराचं बिंब चुन्याच्या भिंतीवर थरथरत होतं. काच अजून आंधळी होती, नुसत्या पाण्याने तिला तेवढ्यापुरतं दिसायला लागलं होतं.

आमचा बेत होता हेल-बॉप धूमकेतूच्या आधी आरसा पुरा करायचा. धूमकेतू आधी आला. १९९७ च्या एप्रिलमध्ये, बारावीची परीक्षा संपलेली, रोज संध्याकाळी अंधार पडला की यवतेश्वरच्या डोंगराच्या बाजूला तो शेपटीसकट लख्ख दिसायचा. त्याला बघायला दुर्बीण लागतच नव्हती. आम्ही गच्चीत उभे राहून नुसत्या डोळ्यांनी पाहिला. तो आता साधारण अडीच हजार वर्षांनी यायचा. जूनमध्ये मी शिकायला बाहेर पडले, मग नोकरी, मग लग्न, पुणं. पॉलिश निम्मं झालेलं होतं. मी गेल्यावर अण्णा संध्याकाळी एकटेच ते करत राहिले. वहीत पुढची पानं त्यांच्या अक्षरात आहेत, मेकॅनिकच्या जॉबकार्डावर असतात तशा नोंदी. तारीख, ‘पाऊण तास. मध्ये बरे. कड बघणे.’ कुठे ‘ताईचे पत्र नाही’ असंही. मला ते ताई म्हणायचे. एका पावसाळ्यात नोंदी थांबल्या आहेत.

गेल्या वर्षी मे महिन्यात, सईची दहावी संपल्यावर आम्ही साताऱ्याला गेलो होतो. त्याच आठवड्यात, २० मे २०२५ ला, जयंत नारळीकर गेले. टीव्हीवर दिवसभर त्यांच्याबद्दल सांगत होते, पुण्यातली खगोलशास्त्राची संस्था आयुका कशी उभी राहिली, मराठीत त्यांनी किती लिहिलं. माझ्या पिढीत ज्यांनी म्हणून वर बघितलं त्यांतले कितीतरी जण त्यांना वाचूनच. मी गप्प बसून बघत होते. माझी आई सईला सहज म्हणाली, “तुझ्या आईची दुर्बीण आहे की माळ्यावर. तुझे आजोबा सांगून गेलेत, हात लावू नका.” सई तेवढ्यात शिडी लावून वर. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आत वर्तमानपत्रात आणि अण्णांच्या जुन्या धोतरात गुंडाळलेल्या दोन काचा, वही आणि फिलर गेज. कागद एका बाजूला काचेला चिकटून बसला होता. इतक्या पावसाळ्यांची ओल काचेने प्यायली होती. सईने काच उजेडाकडे धरली, वाकडी केली, तिच्यात स्वतःचं तोंड मोठं होऊन आलेलं बघितलं आणि म्हणाली, “हे पुण्याला न्यायचं.”

मला वाटलं होतं, आठवडाभरात विसरेल. सई विसरली नाही. तिने रात्री जागून व्हिडिओ पाहिले, एलईडी आणि पात्याची तपासणी स्वतः जोडली. ही युक्ती फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाची, १८५८ सालची, आणि अजून तिच्याहून स्वस्त आणि इतकी नाजूक दुसरी मला माहीत नाही. दिव्याचा प्रकाश काचेवरून परत येतो, जिथे तो एका बिंदूत मिळतो तिथे पातं हळूच आडवं सरकवायचं. पृष्ठभाग निर्दोष गोलाकार असेल तर पूर्ण काच एकदम करडी होते. जरा कुठे उंचसखल असेल तर तिथे डोंगरदऱ्यांसारख्या सावल्या उठतात. जे बोटाला कधीच लागणार नाही ते डोळ्याला दिसतं. तिथे त्या रात्री सईला कड पडलेली, म्हणजे बाहेरच्या बाजूला उतरलेली दिसली आणि तिने ते वाक्य उच्चारलं.

मी तिला म्हटलं, नुसतं पॉलिश करून बघू. तिने शांतपणे समजावलं. डाग काचेत उतरलाय, कडेचा उतारही आहे, पॉलिशने हे काढायला महिनोन्महिने जातील. चारशेच्या पुडीवर परत गेलो तर थोड्या वेळात सगळा पृष्ठभाग नवा होईल. तिचं सगळं बरोबर होतं आणि मला ते नको होतं. तिला मी कारण सांगितलं नाही. रात्री पडल्या पडल्या हिशेब करत होते. चारशेची पूड काचेचं काढून काढून काढणार किती, मिलिमीटरचे काही शतांश. म्हणजे जाणार ते अण्णांच्या एकट्याच्या संध्याकाळचं पॉलिश. त्यांनी मोजलेला खड्डा खाली तसाच राहणार. त्या हिशेबाने मला जरा बरं वाटलं, आणि असल्या हिशेबाची आपल्याला गरज पडावी याचं वाईटही वाटलं. सकाळी सईला हो म्हटलं. घासायला घेण्याआधी तिने वहीत बघून स्वतःच फिलर गेज काढलं, पट्टी ठेवली, दोन पाती सरकवली. “एक पॉइंट वीस,” ती म्हणाली. “आजोबा भारी होते.”

ऐन पावसाळ्यात, गच्चीच्या जिन्यावर पाण्याच्या टाकीखाली आम्ही निळा प्लॅस्टिकचा पिंप ठेवला. आभाळ तसंही झाकलेलं, घासायला याहून चांगला मोसम नाही. सुरुवातीला सई कानात इअरफोन घालून घासायची. मी ते काढायला लावले, त्यावरून धुसफूस झाली. मग तिला ऐकू आलं. चारशेचा आवाज ऐंशीसारखा अंगावर येत नाही, बारीक सळसळ असते, आणि ती संपत येते तेव्हा काच हाताला किंचित जड लागते. “आई, संपली,” असं ती माझ्याआधी म्हणायला लागली. पिंपाभोवती फिरताना एकमेकींच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. अकरावीला सायन्स घेतलं तरी क्लासच्या त्या शर्यतीत तिला उतरायचं नाही, हे तिने मला तिथेच सांगितलं. तेव्हा तिची पाठ माझ्याकडे होती आणि काच पुढे-मागे होत होती. मी लगेच काही बोलले नाही. ६०० ची पूड संपेपर्यंत आमचं त्यावर बरंच बोलून झालं होतं, सगळं मिटलं असं नाही.

पॉलिशसाठी पिच लागतं, म्हणजे राळ आणि डांबर वितळवून केलेला काळा लगदा. तो खालच्या काचेवर ओतून, चौकोन पाडून, आरसा वर दाबून त्याच्याच आकाराचा करून घ्यायचा. जुन्या कढईत तो रटरटायला लागला आणि राळेचा तो धुरकट, गोडसर वास जिन्यात भरला तेव्हा मी एकदम साताऱ्याच्या परसात जाऊन पोचले. पिच फार मऊ झालं तर कड पडते, फार कडक राहिलं तर ओरखडे येतात. अंगठ्याचं नख टेकवून दाबायचं आणि खूण किती उमटते ते बघायचं. सईची बोटं पॉलिशच्या पुडीने, सेरियम ऑक्साइडने, गुलाबी झालेली असायची, तशीच कॉलेजला जायची. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शलने एकदा आरसा घासताना सोळा तास हात उचलला नाही आणि त्याची बहीण कॅरोलिन त्याला घास भरवायची, हे मी तिला सांगितलं. “मग कॅरोलिनने कधी खाल्लं?” तिने विचारलं. पुढे कॅरोलिन स्वतः धूमकेतू शोधणारी खगोलशास्त्रज्ञ झाली, हे सांगितल्यावर तिचं समाधान झालं.

एका रात्री तपासणी करताना सई म्हणाली, “एक गंमत बघ.” ती आरशाजवळ गेली, काचेवर अंगठा टेकवून अर्धा मिनिट थांबली आणि बाजूला झाली. मी पात्यामागून बघत होते. करड्या, सपाट दिसणाऱ्या काचेवर तिच्या अंगठ्याच्या जागी एक टेकडी उभी होती. नुसत्या अंगाच्या उबेने काच तेवढी फुगली होती. ती टेकडी हळूहळू उतरत गेली, काही मिनिटं पुसट दिसत राहिली, मग काच परत सपाट. सईला ते विज्ञान म्हणून आवडलं होतं, ती उत्साहाने बोलत होती. मी तिला परत एकदा अंगठा ठेवायला सांगितला.

शेवटचं काम सगळ्यात नाजूक. गोलाचा पॅराबोला करायचा, म्हणजे मध्ये किंचित जास्त खोल आकार. आमच्या आरशात त्या दोन आकारांतला फरक कडेला पाव मायक्रॉनच्या थोडा वर, मिलिमीटरचे साडेतीन हजार भाग केले तर त्यातला एक. तेवढी काच मधून काढण्यासाठी हात जरा लांब मारायचे, थांबायचं, काच थंड होऊ द्यायची, बघायचं. मग पात्यामागे सावली बदलते, मधोमध खोलगट आणि भोवती फुगीर कडं. “मेदुवडा आला!” सई ओरडली. वहीत मी तारीख घातली, बाकी तिने लिहिलं. कड पूर्ण सुधारली नव्हती, अगदी बाहेरचा बारीक पट्टा अजून उतरता होता. मुलामा देणाऱ्याने आरसा निर्वात पेटीत ठेवून ॲल्युमिनियम चढवलं. थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा, वजन करायचं म्हटलं तर जेमतेम पाच मिलिग्रॅम. बैठक आम्ही डॉब्सनची केली. हा जॉन डॉब्सन रामकृष्ण संघाच्या मठात राहिलेला माणूस, पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर दुर्बिणी लावून येणाऱ्याजाणाऱ्याला चंद्र दाखवायचा. त्याची प्लायवूडची पेटी कुठलाही सुतार करतो. आमच्या सुताराने खाली सनमायका लावला, वर टेफ्लॉनचे तुकडे, आणि नळी एका बोटाने फिरते.

नोव्हेंबरच्या अखेरीस आभाळ स्वच्छ झालं. गच्चीत शनी लावला. मी आधी बघितलं. फिकट पिवळा गोल, दोन्ही बाजूंना बारीक, सरळ रेघ, शेजारी त्याच्या टायटन या चंद्राचा ठिपका. शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. काच डब्यात होती तेवढ्यात त्याची जवळजवळ पूर्ण प्रदक्षिणा झाली होती, आणि कडी पुन्हा तशीच आडवी, मी अकरावीत मैदानावर पाहिली होती तशी. हे जुळून येईल असं मी आधी कधी मोजलंच नव्हतं. गळा दाटून आला आणि मी सईला जागा दिली. ती बराच वेळ वाकून होती. मग म्हणाली, “कडी कुठे आहे?” मी तिला सगळं सांगितलं, मैदान, सर, तिच्या आजोबांच्या वहीतली ‘पुरे’. तिने ऐकून घेतलं, दोन-तीन प्रश्न विचारले आणि परत भिंगाला डोळा लावला. तिचा शनी वेगळा आहे, त्यात माझ्या आठवणीला जागा असलीच पाहिजे असं काही नाही, हे मला त्या वेळी कळत होतं आणि थोडं लागतही होतं.

आता दर शनिवारी तिच्या मैत्रिणी येतात. गुरू आहे, मृगातला तेजोमेघ आहे. खाली जेवायला बोलवायचं तर मला वर जावं लागतं. शनीची कडी २०३२ मध्ये सगळ्यात जास्त उघडेल, तेव्हा सई बावीस वर्षांची असेल. तोपर्यंत ॲल्युमिनियमचा थर काळवंडलेला असणार, तो काढून नवा चढवावा लागेल. त्याच वेळी काच चारशेवर परत नेऊ आणि कड एकदाची सरळ करू, असं तिचं म्हणणं आहे. मला ते मुळीच पटलेलं नाही. बाहेरचा तो पट्टा काळ्या कागदाची चकती लावून झाकला तरी काम भागतं, आणि हा पृष्ठभाग तिच्या पहिल्या हातचा आहे. ती म्हणते, त्याने काय होतं, चांगला दिसायला पाहिजे. आमचा हा वाद अजून चालू आहे.